‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ : जल्लोषात ऐकू न आलेली पाच कडवी

अमेरिकेत चार जुलैची आतषबाजी असो की निवडणुकीची सभा, एक गाणं हमखास कानावर पडतं. ड्रमचा दणका, त्यावर सिंथेसायझरची चढी सुरावट आणि गळ्याच्या शिरा ताणून पुन्हा पुन्हा म्हटलेलं एकच वाक्य : माझा जन्म अमेरिकेत झालाय. लोक मुठी उंचावतात, झेंडे हलवतात. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचं १९८४ सालचं ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ ते हेच. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा लाखो लोकांनी ते देशाभिमानाचं गीत म्हणून ऐकलं आणि आजही ऐकतात. गाण्यातला माणूस मात्र व्हिएतनामहून परतलेला, काम न मिळालेला, कुठेच थारा नसलेला सैनिक आहे.

२०२५ मध्ये स्प्रिंगस्टीन पुन्हा बातम्यांत आला. मे महिन्यात मँचेस्टरच्या मंचावरून त्याने ट्रम्प सरकारवर जाहीर टीका केली, ट्रम्प यांनीही त्याला उलट सुनावलं. ऑक्टोबरमध्ये त्याच्यावरचा ‘डिलिव्हर मी फ्रॉम नोव्हेअर’ हा चित्रपट आला. हे गाणं ज्या दिवसांत आकाराला आलं, तेच दिवस त्यात आहेत. त्यामुळे जुना प्रश्न परत निघाला : हे गाणं देशाची स्तुती करतं की निंदा?

मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. गाण्यातला माणूस हक्क सांगतोय. मी इथे जन्मलो, इथल्या सरकारने पाठवलं तिथे लढायला गेलो, आता माझं काय ते बोला, असं त्याचं म्हणणं आहे. ते कसं, हे कळायला आधी गाण्याची बांधणी पाहू.

मुखडा एक, कडवी पाच

आपल्याकडे वरातीतला बँड मुखडाच तेवढा जोरात वाजवतो. गाणं विरहाचं असलं तरी वऱ्हाडी नाचतात, कारण अंतरा कुणाच्या कानापर्यंत पोचतच नाही. ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’चं नेमकं हेच झालं. त्याचा मुखडा म्हणजे एक वाक्य, तेच ते. पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दुसऱ्या फेरीत म्हणता येतं. कडव्यांतले शब्द मात्र स्प्रिंगस्टीन दात आवळून, अर्धवट ओरडत म्हणतो. स्टेडियममध्ये ते मागच्या रांगांना काय कळणार!

सूरही फसवा आहे. पूर्ण गाणं दोनच कॉर्डवर चालतं. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेला स्वरांचा गुच्छ. त्याच्या बँडमधल्या रॉय बिट्टनने सिंथेसायझरवर धरलेली सुरुवातीची सुरावट जवळजवळ शेवटपर्यंत तशीच फिरत राहते. सामान्यतः दुःखाचं कडवं आलं की चाल उतरते, आवाज खाली येतो, आणि ऐकणाऱ्याला इशारा मिळतो. इथे तसा इशाराच नाही. भाऊ मेल्याची ओळ आणि जयघोषासारखा मुखडा, दोन्हीच्या मागे तोच डंका.

कडव्यांमध्ये घडतं काय?

पहिल्या कडव्यात गावाचं वर्णन आहे. मेलेलं गाव. तिथे जन्मणाऱ्या पोराला जमिनीवर पाय टेकताच पहिली लाथ बसते, आणि मार खाऊन खाऊन कुत्रं जसं अंग चोरतं तसं अर्धं आयुष्य स्वतःला सांभाळण्यात जातं. देशाभिमानाच्या गीताची सुरुवात अशी होत नाही. पण तोवर मुखडा येतो आणि सगळे उड्या मारायला लागतात.

दुसऱ्या कडव्यात हा मुलगा गावात काहीतरी भानगड करतो. त्याच्या हातात रायफल दिली जाते आणि त्याला परक्या मुलखात ‘पिवळ्या माणसाला’ मारायला पाठवतात. हे शब्द ऐकून आज अंगावर काटा येतो. यायलाच हवा. ज्यांनी त्याला पाठवलं त्यांची दृष्टी त्या दोन शब्दांत उघडी पडते. कोण शत्रू, कशासाठी लढायचं, हे कुणी सांगत नाही. फक्त कातडीचा रंग सांगतात.

तिसऱ्या कडव्यात तो परत येतो. तेलशुद्धीकरण कारखान्यात काम मागायला जातो. भरती करणारा म्हणतो, बाबा रे, माझ्या हातात असतं तर. मग तो माजी सैनिकांच्या सरकारी कचेरीत जातो. तिथला माणूस म्हणतो, पोरा, तुला कळत कसं नाही? काय कळत नाही, ते तो सांगतच नाही. वाक्य तिथेच तुटतं. मुखडाही येत नाही, वाद्यं तेवढी वाजत राहतात. सरकारी टेबलासमोर उभं राहिलेल्या कुणालाही हे तुटलेलं वाक्य ओळखीचं वाटेल.

चौथ्या कडव्याकडे पुढे वळू. पाचव्यात तो तुरुंगाच्या सावलीत, कारखान्याच्या पेटत्या वायूच्या ज्वाळांजवळ उभा आहे. परतून दहा वर्षं झाली. पळायला जागा नाही आणि जायला ठिकाण नाही, एवढंच तो म्हणतो.

भानगड केली म्हणून सैन्यात कसं पाठवतील?

भारतात सैन्यभरती ऐच्छिक असल्यामुळे आपल्याला ही गोष्ट चटकन उमगत नाही. अमेरिकेत तेव्हा ‘ड्राफ्ट’ होता, म्हणजे सक्तीची सैन्यभरती. १९६४ ते १९७३ या काळात सुमारे २२ लाख तरुणांना अशी सक्तीने वर्दी चढवली गेली. पण सक्ती सगळ्यांवर सारखी नव्हती. कॉलेजात शिकणाऱ्याला मुदत मिळे. ज्याला चांगला वकील वा ओळखीचा डॉक्टर गाठता येई, त्यालाही वाट सापडे. उरले कामगारांचे, शेतमजुरांचे, कृष्णवर्णीयांचे मुलगे. किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या पोरापुढे न्यायाधीशाने तुरुंग की सैन्य असा पर्याय ठेवणं हेही त्या काळी घडत असे. गाण्यातल्या दुसऱ्या कडव्याचा धागा इथे आहे.

या युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मारले गेले. व्हिएतनामी माणसं किती मेली, त्याचा आकडा लाखांत जातो. जे अमेरिकन परतले त्यांचं स्वागत दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांसारखं झालं नाही. युद्ध हरलं होतं आणि देशाला ते विसरायचं होतं. युद्धाने मनावर होणाऱ्या आघाताला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली ती १९८० मध्ये. जंगलं उघडी करायला फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या रसायनाने आजारी पडलेल्या सैनिकांनी ते बनवणाऱ्या कंपन्यांवर खटला भरला होता. तो १८ कोटी डॉलरवर मिटला मे १९८४ मध्ये. पुढच्याच महिन्यात हा अल्बम बाजारात आला.

शिवाय कारखाने बंद पडत होते. १९८२ च्या अखेरीस अमेरिकेतली बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली. त्यामुळे भरती करणाऱ्या माणसाचं ‘माझ्या हातात असतं तर’ हे तेव्हा हजारो दारांवर ऐकू येणारं उत्तर होतं.

खे सानची ओळ

आता चौथं कडवं. मला हा गाण्याचा गाभा वाटतो.

नायक म्हणतो, माझा एक भाऊ खे सानला व्हिएतकाँगशी लढत होता. ते अजून तिथेच आहेत, तो मात्र गेला. बस, एवढंच. मग त्या भावाची सायगावातली प्रेयसी येते, आणि तिच्या मिठीतल्या त्याचा एक फोटो आता नायकाजवळ आहे.

खे सान हा दक्षिण व्हिएतनामच्या वायव्य टोकाला, लाओसच्या सीमेजवळचा अमेरिकन तळ. २१ जानेवारी १९६८ ला उत्तर व्हिएतनामच्या फौजांनी त्याला वेढा घातला. सुमारे सहा हजार मरीन सैनिक आत अडकले. वेढा ७७ दिवस चालला. हा तळ काहीही झालं तरी पडू द्यायचा नाही, असा अमेरिकेचा निर्धार होता. बॉम्बफेकी विमानांनी भोवतालचे डोंगर भाजून काढले. तळ पडला नाही. मग त्याच वर्षीच्या जुलैत अमेरिकेने तो स्वतःच मोडला, धावपट्टी उखडली आणि सोडून दिला. ज्या जागेसाठी माणसं मेली, ती काही महिन्यांत निरुपयोगी ठरली.

‘ते अजून तिथेच आहेत, तो मात्र गेला’ या अर्ध्या ओळीत ही हकिगत मावली आहे. तपशिलात एक चूक आहे, ती सांगायला हवी. खे सानला वेढा घालणारे मुख्यतः उत्तर व्हिएतनामच्या नियमित सैन्यातले होते. व्हिएतकाँग म्हणजे दक्षिणेतले गनिमी लढवय्ये. पण पंधरा वर्षांनी कारखान्याबाहेर उभा राहून बोलणारा सैनिक असं काटेकोर थोडंच बोलणार? त्याच्या तोंडी हे सैलच शोभतं.

आता याची बांधणी पाहा. ‘तो मात्र गेला’ म्हटल्यावर जिथे पुढची ओळ यायला हवी, तिथे शब्दच नाहीत. वाद्यं तशीच पुढे जातात आणि गायक गप्प. तिसऱ्या कडव्यानंतर गायब झालेला मुखडा या कडव्यानंतरही येत नाही. जिथे ‘माझा जन्म अमेरिकेत झालाय’ असं ओरडणं त्याला जमत नाही, ती ही जागा. गाणं शंभरदा वाजवलेल्यांच्याही हे ध्यानात येत नाही, कारण ड्रम थांबत नाही.

कॅसेटवरचं मूळ गाणं

हे गाणं आधी असं दणदणीत नव्हतंच. जानेवारी १९८२ मध्ये स्प्रिंगस्टीन न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथे भाड्याच्या घरात एकटा बसून चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट यंत्रावर गाणी ध्वनिमुद्रित करत होता. बँडला ऐकवायचा कच्चा नमुना एवढाच हेतू. त्यातली बरीच गाणी पुढे जशीच्या तशी ‘नेब्रास्का’ या अल्बममध्ये आली. ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ही त्याच कॅसेटवर होतं. नुसती गिटार, घोगरा आवाज. तो नमुना १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो ऐकणाऱ्याला हे जल्लोषाचं गाणं आहे अशी शंकासुद्धा येणार नाही.

१९८२ मध्येच काही महिन्यांनी न्यू यॉर्कच्या स्टुडिओत त्याचा ई स्ट्रीट बँड जमला. बिट्टनने सुरावट धरली, मॅक्स वाइनबर्गने ड्रमवर घाव घातले आणि गाण्याचा अवतारच बदलला.

त्यामागे काही वर्षांची तयारी होती. रॉन कोव्हिक या व्हिएतनामहून अपंग होऊन परतलेल्या सैनिकाचं आत्मचरित्र स्प्रिंगस्टीनने वाचलं होतं, त्याला तो भेटलाही होता. माजी सैनिकांची संघटना उभारणारा बॉबी मुलर हाही चाकाच्या खुर्चीवर. संघटनेकडे पैसा नव्हता. तेव्हा ऑगस्ट १९८१ मध्ये स्प्रिंगस्टीनने लॉस एंजेलिसला तिच्या मदतीसाठी जलसा केला. मंचाच्या बाजूला जखमी सैनिकांना बसवलं होतं. त्यानंतर काही महिन्यांतच कॅसेटवर हे गाणं आलं.

रेगन, स्तंभलेखक आणि मोटार कंपनी

जून १९८४ मध्ये अल्बम निघाला. मुखपृष्ठावर ॲनी लीबोविट्झने काढलेलं छायाचित्र : जीन्स घातलेला पाठमोरा माणूस, खिशात लाल टोपी, समोर झेंड्याचे लाल-पांढरे पट्टे. पुढे एकट्या अमेरिकेत त्याच्या दीड कोटीच्या वर प्रती गेल्या.

ते निवडणुकीचं वर्ष. जॉर्ज विल हे उजव्या विचारांचे नामवंत स्तंभलेखक जलशाला जाऊन आले आणि सप्टेंबरात त्यांनी कौतुकाचा लेख लिहिला. बंद कारखान्यांची रड असली तरी मधूनमधून येणारा हा मुखडा आनंदी आहे, असा त्यांचा सूर. पाठोपाठ १९ सप्टेंबरला अध्यक्ष रोनाल्ड रेगन न्यू जर्सीतल्या हॅमंटन गावी प्रचाराला आले आणि इथल्या भूमिपुत्राच्या गाण्यांत आशेचा संदेश आहे, असं म्हणून गेले. रेगन यांनी त्या भाषणात या गाण्याचं नाव घेतलं नव्हतं, गायकाचं घेतलं होतं. पुढे ही गोष्ट सांगताना लोक हा फरक विसरतात.

दोनच दिवसांनी पिट्सबर्गच्या मंचावर स्प्रिंगस्टीन म्हणाला, अध्यक्षांना माझा कोणता अल्बम आवडत असेल याचा मी विचार करतोय, ‘नेब्रास्का’ नसावा. आणि त्याने ‘जॉनी ९९’ सुरू केलं. मोटार कारखाना बंद पडल्यावर दारूच्या नशेत खून करणाऱ्या कामगाराचं ते गाणं आहे. क्रायस्लर या मोटार कंपनीने जाहिरातीसाठी मोठी रक्कम देऊ केली, तीही त्याने नाकारली.

गाणं असं बांधलं, तर ऐकणाऱ्यांचा दोष कसा?

हा आक्षेप मला पुष्कळ अंशी पटतो. ऐंशी हजार लोकांसमोर मुठी उंचावायला लावणारी चाल द्यायची, मुखपृष्ठावर झेंडा लावायचा आणि मग लोकांनी शब्द वाचले नाहीत म्हणून हळहळायचं, हे बरोबर नाही. हे स्प्रिंगस्टीनलाही जाणवलेलं दिसतं. नव्वदच्या दशकातल्या एकट्याच्या दौऱ्यांत आणि २०१७ पासूनच्या ब्रॉडवेवरच्या प्रयोगांत त्याने हे गाणं गिटारवर काचेची नळी घासत, हळू, कण्हल्यासारखं गायलं. मुखडा जवळजवळ काढूनच टाकला. तिथे गैरसमजाला वावच उरला नाही.

पण तरी मला १९८४ चं रूपच अधिक खरं वाटतं. कण्हणारं रूप ऐकताना आपल्याला त्या माणसाची कीव येते. दणदणीत रूपात तो कीव घ्यायला तयार नाही. चोहोकडून हाकलला गेलेला माणूस उरलंसुरलं बळ एकवटून ओरडतोय की मी इथलाच आहे. ते ओरडणं मोठं असायलाच हवं. मुखड्यात अभिमानही आहे, आणि म्हणूनच कडव्यांतला अपमान झोंबतो. ज्याला देशाबद्दल काहीच वाटत नाही, तो कचेरीच्या दारात इतका तळमळणार नाही.

स्प्रिंगस्टीन स्वतः कुठे लढायला गेला होता?

नाही गेला. मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार बसलेला, शिवाय तपासणीच्या वेळी त्याने मुद्दाम वेड्यासारखी वागणूक केली. सैन्याने त्याला अपात्र ठरवलं. हे त्याने कधी लपवलं नाही. आपल्या जागी दुसरं कुणीतरी गेलं, ते कोण असेल, असा विचार मनात येतो, असं त्याने ब्रॉडवेच्या प्रयोगांत सांगितलं आहे. त्याच्या पहिल्या बँडचा ड्रमर बार्ट हेन्स मात्र गेला, आणि १९६७ मध्ये व्हिएतनाममध्ये मारला गेला. स्प्रिंगस्टीन वाढला ते फ्रीहोल्डही कामगारांचं गाव. तिथली गालिच्यांची गिरणी बंद पडली होती. वडिलांनी गिरणीत, बसवर, तुरुंगात मिळेल ती नोकरी केली. दुसऱ्याच्या तोंडून बोलायचा अधिकार कुणाला, हा वाद चालत राहील. पण या गाण्यातलं गाव त्याने कानाने ऐकून रचलेलं नाही.

आज या वाक्याचं वजन काय?

‘माझा जन्म अमेरिकेत झालाय’ हे विधान अमेरिकेत कायद्याच्या भाषेतही मोठं आहे. १८६८ मध्ये राज्यघटनेत झालेल्या चौदाव्या दुरुस्तीनुसार तिथे जन्मलेलं मूल नागरिक ठरतं. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांना कुणी परकं म्हणू नये म्हणून ती तरतूद आली. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी आदेश काढला की आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक वा ग्रीन कार्डधारक नसतील, तर बाळाला हे नागरिकत्व मिळू नये. न्यायालयांनी आदेश रोखला, वाद वरपर्यंत गेला. स्प्रिंगस्टीनच्या न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास, एच-वन-बी व्हिसावर राहणारी कितीतरी मराठी कुटुंबं आहेत. त्यांच्या घरातला हा अगदी जवळचा प्रश्न आहे.

गाण्यातल्या सैनिकाची फिर्याद याच्या नेमकी उलट्या टोकाची आहे. त्याला नागरिकत्व जन्माने मिळालं, कुणी काढूनही घेतलं नाही. तरी नोकरी नाही, उपचार नाही, भावाच्या मरणाचा हिशेब नाही. कागदावरचं नातं खरं ठरवायला सरकारला काय करावं लागतं, हे तो विचारतोय. सभांमध्ये हे गाणं लावणाऱ्या दोन्ही पक्षांपैकी कुणालाही हा प्रश्न सोयीचा नाही. म्हणून मुखडा वाजतो आणि कडवी कर्ण्याच्या गोंगाटात जातात.

ऐकायचं कसं?

उलट्या क्रमाने ऐका. आधी १९८२ चा कॅसेटवरचा नमुना, त्यात गोष्ट कळेल. मग अल्बममधलं गाणं, शब्द समोर ठेवून आणि आवाज थोडा कमी करून. तिसऱ्या कडव्यातलं तुटलेलं वाक्य आणि चौथ्यानंतर न आलेला मुखडा, या दोन जागांवर लक्ष ठेवा. दोन्ही मिळून आठेक मिनिटांचं काम आहे.